माणसांची भिंत: नेपथ्य शिकायचं म्हणजे काय शिकायचं?



आजचा विषय नेपथ्य शिकण्याचा आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे करवत कशी धरावी हे आमच्याकडून शिकू नका. तुमच्या गावचा सुतार त्यात आमचा गुरू शोभेल. पण नाटकं पाहणं, त्यांवर बोलणं आणि स्पर्धांना परीक्षक म्हणून बसणं पुष्कळ वर्षं घडलं, आणि त्या काळात दोन वाक्यं इतक्या वेळा कानांवर आली की आज त्यांचा समाचार घ्यायचा असं ठरवूनच आलो आहोत.

पहिलं वाक्य असं: "सर, आमच्याकडे धड नाट्यगृह नाही, पैसा नाही, मग नेपथ्य कुठून करणार?" दुसरं वाक्य याच्या बरोबर उलटं, आणि ते जरा ऐटीत म्हटलं जातं: "‘घाशीराम कोतवाल’ला तरी कुठं नेपथ्य होतं?"

पहिल्या वाक्यात हतबलता आहे, दुसऱ्यात पळवाट आहे. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. नेपथ्य म्हणजे सामान: प्लायवूड, रंग, कापड, लेव्हल. सामान असेल तर नेपथ्य आहे, नसेल तर नाही. आमचं म्हणणं असं की ही समजूत जाईपर्यंत नेपथ्य शिकायला सुरुवातच होत नाही. आणि हे ‘घाशीराम’वरच तपासून पाहणं तुम्हांला जवळचं आहे, कारण त्या नाटकाचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांनी तुमच्या दौंडमध्ये वर्षानुवर्षं डॉक्टर म्हणून काम केलं.

आधी शब्दाकडे पाहू. ‘नेपथ्य’ हा शब्द संस्कृतात वेशभूषेसाठी आणि रंगमंचामागच्या वेश करण्याच्या जागेसाठी वापरला जाई. संस्कृत नाटकांत ‘नेपथ्ये’ अशी सूचना येते, म्हणजे पडद्याआडून आवाज येतो. मराठीत तोच शब्द समोर दिसणाऱ्या देखाव्याला लागला. गंमत पाहा, जे आड होतं त्याच्याच नावानं आपण समोरच्या गोष्टीला हाक मारतो! भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विचारात नेपथ्याचे चार प्रकार येतात: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. ‘पुस्त’ म्हणजे बनवलेल्या वस्तू: चटया, कापड, कातडं जोडून केलेल्या, यंत्रानं हलणाऱ्या, गुंडाळून आकार दिलेल्या. आज आपण ज्याला सेट म्हणतो तो या चारांपैकी जेमतेम एक. बाकी सगळं नटाच्या अंगाशी, नाहीतर जिवंत प्राण्यांशी निगडित. आणि या सगळ्याला भरत म्हणतो आहार्य ‘अभिनय’. म्हणजे बनवलेली वस्तूसुद्धा अभिनय करते. ती नुसती उभी राहत नाही.

आता दुसरं टोक पाहा. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेची सहा अंगं सांगितली आणि ‘दृश्य’ शेवटी ठेवलं. दृश्य मनाला खेचून घेतं खरं, पण कवीच्या कलेशी त्याचा संबंध सर्वांत कमी, ते साहित्य बनवणाऱ्या कारागिराचं काम, असा त्याचा आशय. ॲरिस्टॉटलबद्दल आम्हांला आदर आहे, पोटापाण्याला तोच होता. तरी या एका ठिकाणी आम्ही भरताच्या बाजूनं उभे राहू. ॲरिस्टॉटल लिहिलेल्या नाटकाबद्दल बोलतो आहे; भरत केलेल्या नाटकाबद्दल बोलतो आहे. आणि नेपथ्य शिकणाऱ्याला नाटक करायचं असतं.

मराठी रंगभूमीचा इतिहासही या दृष्टीनं वाचता येतो. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढं संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले पडदे आले. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य असे पडदे वरून सुटत आणि वर जात. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी रंगवलेल्या पडद्यांची मोठी वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. पण पडद्याच्या पद्धतीत एक मेख होती. उपवनाचा पडदा एकदा रंगवला की कुठल्याही नाटकातल्या कुठल्याही नायिकेला तेच उपवन! देखावा नाटकाच्या आधीच तयार असे. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं आणि तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली उभी केली. लोकांना नवल वाटलं, कारण आता ही खोली याच माणसांची होती. पण पुढं काय झालं? त्या खोलीचाही पडदा झाला. मधोमध सोफा, उजवीकडे बाहेरचं दार, डावीकडे स्वयंपाकघर, मागं जिना. दिवाणखाना तोच, नाटकं शंभर.

याला उलटं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर ‘भारी सेट तो वाईट’ असा अर्थ निघेल. 1962 मध्ये आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं, फिरत्या रंगमंचावर. यंत्र मोठं, खर्च मोठा, दौऱ्याला त्रासदायक. पण नाटक काय आहे? कोर्टात एक माणूस उभा आहे आणि साक्षीदार त्याची एकेक जुनी रूपं समोर आणताहेत. कोर्टातून निपाणी, तिथून दुसरं गाव, परत कोर्ट. रंगमंच फिरतो तेव्हा आरोपीच्या सोंगांची उलटतपासणीच चालू असते. तिथं तो खर्च नाटकानं मागितलेला आहे. प्रश्न सामान किती हा कधीच नव्हता. सामान कुणाच्या सांगण्यावरून आलं, हा प्रश्न आहे.

आता ‘घाशीराम’कडे येऊ.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पीडीएनं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. कोकणातल्या खेळे, दशावतार या लोकप्रकारांशी त्याचं नातं सांगितलं जातं. पडदा उघडतो तेव्हा समोर ब्राह्मणांची एक रांग असते. ती नाचते, गाते, झुलते. मग ती पाठ फिरवते आणि भिंत होते. भिंत फुटते, मागं काहीतरी दिसतं. भिंत जुळते, दिसेनासं होतं.

याला ‘नेपथ्य नव्हतं’ म्हणायचं? एक साधा हिशोब मांडा. खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस दीड ते पावणेदोन फूट जागा घेतो. बारा माणसं म्हणजे अठरा ते एकवीस फूट. मध्यम आकाराच्या रंगमंचाचा मोठा भाग त्यांनी व्यापला. ही भिंत साडेपाच फूट उंच आहे, ती उघडते, मिटते, वळते, हलते. एवढी कामं करणारा सेट लाकडात बांधायला सांगा, सुतार हात जोडेल.

पण एवढ्यावर थांबलो तर हे नुसतं चातुर्य ठरेल. खरी गोष्ट पुढं आहे. नाना फडणवीस गौरीला भोगतो, तिचा बाप कोतवालीच्या बदल्यात तिला देतो, आणि हे झाकतं कोण? लाकडी भिंत झाकत असती तर आपण म्हटलं असतं, आडोसा होता. इथं झाकणारी माणसं आहेत. त्यांना मागं काय चाललंय ते माहीत आहे. त्यांनी पाठ फिरवली आहे, आणि तोंडानं देवाचं नाव चालू आहे. आपल्याकडे म्हणतात भिंतीला कान असतात. या भिंतीला कान आहेत, गळा आहे, पाय आहेत आणि सोयीस्कर पाठ आहे. एक नाना आणि एक घाशीराम यांच्याभोवती किती जणांनी गप्प राहावं लागतं, हे नाटकाचं म्हणणं आपल्याला आधी डोळ्यांनी कळतं. नाटकाचा विचार आणि नाटकाचं नेपथ्य यांच्यात सुई जाईल एवढीही फट उरलेली नाही. आमच्या मते मराठी रंगभूमीवरचं अत्यंत काटेकोर नेपथ्य ते हे.

ते स्वस्त मात्र नव्हतं, बरं का. पैशात नसेल, वेळेत होतं. लाकडी भिंत एकदा ठोकली की उभी राहते. माणसांची भिंत रोज तालमीला यावी लागते, एका ठेक्यावर वळावी लागते, एकाचा पाय चुकला तर भिंतीला भगदाड पडतं. तिचा एक फायदाही झाला. नाटकावरून वाद झाला, कलावंत मूळ संस्थेतून बाहेर पडले, 1973 मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापन झाली. तेव्हा ही भिंत कुठल्या गोदामात अडकून पडली नाही, स्वतःच्या पायांनी चालत नव्या संस्थेत गेली. 1980 मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं तेव्हाही भिंतीसाठी वेगळं खोकं लागलं नसेल.

इथं कुणी म्हणेल, "अहो, पण ही भिंत लेखकाची आणि दिग्दर्शकाची. नेपथ्यकाराचा यात काय संबंध?" आक्षेप योग्य आहे. भिंतीची कल्पना संहितेतच आहे. पण म्हणूनच नेपथ्य शिकणाऱ्यानं ती अभ्यासायची. ब्रेख्तचा नेपथ्यकार कास्पर नेहेर रिकाम्या खोलीचं चित्र काढून आणत नसे. प्रसंगातली माणसं कुठं उभी आहेत, कुणाकडे पाहताहेत, याची रेखाटनं करी, आणि त्या माणसांना जेवढ्या वस्तू लागतील तेवढ्या त्यांच्याभोवती येत. आधी माणूस, मग खुर्ची. ‘घाशीराम’मध्ये खुर्चीची गरज उरली नाही, एवढाच फरक. निर्णयाची पद्धत तीच.

आता आमची दुसरी तक्रार. ही पद्धत कुणी उचलली नाही. उचलली ती भिंत. गेली कित्येक वर्षं एकांकिका स्पर्धांत आम्ही माणसांच्या भिंती पाहतो आहोत. काळे कपडे घातलेली आठ मुलं झाड होतात, लोकल होतात, समुद्र होतात, शेवटी व्यवस्था होतात. का होतात? "सर, तसं छान दिसतं." म्हणजे पुन्हा उपवनाचा पडदाच! जुना पडदा कापडाचा होता, हा हाडामांसाचा, एवढंच. दुसऱ्या टोकाला थर्माकोलचं अख्खं देऊळ. नट खांबाला टेकतो आणि देऊळ हलतं, म्हणून त्याला सांगितलेलं असतं, टेकू नकोस. ज्या खांबाला टेकता येत नाही त्या देवळात दुःखी माणसानं जायचं कशाला? आणि खेदाची बाब म्हणजे नेपथ्याचं बक्षीस बऱ्याचदा त्या देवळाला मिळतं. परीक्षक बदलले तर मुलं बदलतील, असं आम्ही आमच्या व्यवसायबंधूंना इथून सांगतो.

मग शिकायचं कसं? क्रम सांगतो. उदाहरण घेऊ महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चं, 1985 सालचं नाटक. समजा ते तुम्हांला शिरूरमधल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात करायचं आहे.

पहिलं काम वाचन, आणि तीनदा. पहिल्यांदा हातात पेन्सिल घ्यायची नाही. दुसऱ्यांदा यादी: कोण कुठून येतं, कुठं जातं, कुठं बसतं, कशाला हात लावतं. तिसऱ्यांदा दुसरी यादी: कशाबद्दल बोललं जातं पण ते समोर असेलच असं नाही. या नाटकात अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. घरच्यांना तो अडतो, लागतो. नव्या काळाशी हातमिळवणी करायला निघालेल्या घराचा तो फसलेला हात. तो दाखवायचा? अर्धाच दाखवायचा? की न दाखवता, अंधारात येणारा प्रत्येक जण एका जागी अंग चोरून वळतो एवढंच ठेवायचं? तिन्ही उत्तरं शक्य आहेत, पण तिन्हींची नाटकं वेगळी होतील. हा निर्णय जो घेतो तो नेपथ्यकार. ट्रॅक्टर कुठून आणायचा हा नंतरचा प्रश्न, आणि तुमच्या तालुक्यांत त्याची वाण नाही!

दुसरं काम मोजमाप. रंगमंचाची रुंदी, खोली, उंची. बाजूला नटांना थांबायला जागा किती, प्लग कुठं आहेत, शेवटची रांग किती लांब. आणि सगळे विसरतात ते: सभागृहाचं दार केवढं? प्लायची शीट आठ बाय चार फुटांची असते. बाहेर जोडलेली भिंत दारातून आत जाईना म्हणून प्रयोगाच्या दिवशी कापलेली आम्ही पाहिली आहे. मोजमाप ही हलकी गोष्ट नाही. भरतानं मध्यम प्रेक्षागृह चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद सांगितलं, आणि बजावलं की याहून मोठं केलं तर आवाज विरतो, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. म्हणजे शाळेचं लहान सभागृह हे तुमचं दुर्दैव समजू नका.

तिसरं काम जमिनीचा आराखडा. आलेख कागदावर अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण धरा. वरून पाहिल्यासारखं काढा: दार इथं, पायरी इथं, दादीची जागा इथं. कडेच्या खुर्चीवरून काय दिसतं ते पट्टीनं रेघ ओढून पाहा. मग तो आराखडा मैदानात फक्कीनं आखा. कबड्डीचं मैदान आखता ना, तसंच. त्या रेघांत आठ दिवस तालीम करा. दोन माणसं एकमेकांना धडकतात का? भांडण झाल्यावर निघून जायला चार पावलं मिळतात की एकाच पावलात माणूस बाहेर? रागाला अंतर लागतं. हे कागदावर कळत नाही, पायांना कळतं.

चौथं काम लहान प्रतिकृती. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. त्याच प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा कापा आणि आत उभा करा. माणूस न ठेवता केलेली प्रतिकृती म्हणजे रुखवतातला बंगला. माणूस ठेवला की कळतं, दार फार मोठं झालंय, आई त्यात हरवते. हरवायला हवी आहे का? असेल तर दार ठेवा.

पाचवं काम सुतार, मंडपवाला आणि दिवे. मंडपवाल्याकडच्या फळ्या आणि घोड्या यांच्या मापातच लेव्हल बसवता आल्या तर खर्च निम्म्यावर येतो. टेम्पोत काय मावतं ते आधी पाहा. मग दिवे लावून तालीम, आणि त्या तालमीत शेवटचं आणि सर्वांत अवघड काम: काढणं. ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही, जिच्याकडे कुणी पाहिलं नाही आणि जी नसती तर काही बिघडलं नसतं, ती उचला. जीव तुटतो, कारण ती आपण रात्र जागून रंगवलेली असते. तरी उचला.

या सगळ्यात नाट्यगृह कुठं लागलं? पैसा लागला, पण शेवटी, आणि किती तेही ठरल्यावर.

तुमच्या भागाला हे नवं नाही. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशाच्या परंपरेतलं गाव. तमाशासाठी लिहिणारे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर तिथलेच. तमाशाच्या वगात एक खुर्ची ठेवली की दरबार होतो, राजानं रंगमंचाला एक फेरी मारली की तो शिकारीच्या रानात पोहोचतो. नाट्यशास्त्रात याला कक्ष्याविभाग म्हटलं आहे: चालण्यानं जागा बदलते, जे आधी आले ते घरात, जे नंतर आले ते बाहेर, असं प्रेक्षकांनी धरायचं. ग्रंथात आहे तेच जत्रेच्या फडात आहे. पण म्हणून खुर्ची कुठलीही चालते असं नाही. ती फडात कुठं ठेवायची, राजा आधी बसतो की प्रधान आधी वाकतो, हे पिढ्यान् पिढ्या तपासून ठरलेलं आहे. साधेपणा तिथं शेवटी आलेला आहे. आपण तो सुरुवातीलाच फुकट मागतो.

हे इतकं तळमळीनं सांगण्याचं कारण कलेपुरतं नाही. तालुक्याच्या गावातल्या मुलाला लवकरच पटवून दिलं जातं की खरं नाटक पुण्या-मुंबईला होतं, इथं होते ती त्याची नक्कल. एकदा हे पटलं की तो पुण्यात पाहिलेला दिवाणखाना थर्माकोलमध्ये करतो, किंवा पुण्यात पाहिलेली भिंत मित्रांना उभं करून करतो. दोन्हीकडे त्याचे स्वतःचे डोळे मिटलेले असतात. नेपथ्य शिकणं म्हणजे ते उघडणं: हे माणूस इथं का उभं आहे, त्याला काय दिसतंय, त्याच्यापासून काय लपवलं जातंय, आणि लपवणारा कोण, हे विचारायची सवय. ही सवय नाटकाबाहेरही उपयोगी पडते. ग्रामसभेत कोण पाठ फिरवून उभं आहे, हेही मग दिसू लागतं.

आता गृहपाठ, शिक्षकाची खोड जात नाही. शिरूरच्या गटानं ‘वाडा चिरेबंदी’चा पहिला अंक घ्यावा, दौंडच्या गटानं ‘घाशीराम’चा. दोघांनीही एक रुपया खर्च न करता फक्त यादी, मोजमाप आणि आराखडा करावा. मग एकमेकांच्या आराखड्यावर चालून पाहावं. दौंडकरांनी भिंतीत बारांऐवजी सात माणसं का ठेवली, हे शिरूरकरांना पटवून देता आलं पाहिजे. शिरूरकरांनी ट्रॅक्टर कुठं ठेवला, हे दौंडकरांना ठेच लागून कळलं पाहिजे.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुम्ही विचारा. प्रश्न अवघड असला तर उत्तम, उत्तर आपण मिळून शोधू.